एक मिलिमीटरची नर्व्ह शोधताना: ३ टेस्लावर आतल्या कानाचा एमआरआय कसा काढावा

जन्मतः ऐकू न येणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाचा कॉक्लियर इम्प्लांटआधीचा एमआरआय सर्जनच्या हातात पडतो, तेव्हा तो त्यात सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधतो. इम्प्लांटचा इलेक्ट्रोड ज्या नर्व्हला वीज पुरवणार, ती कॉक्लियर नर्व्ह, म्हणजे ऐकण्याची नर्व्ह, जागेवर आहे का? सीटी स्कॅनमध्ये हाड सुरेख दिसतं, पण हाडातला बोगदा चांगला रुंद असूनही आत नर्व्ह नसते, असे कान असतात. हे फक्त एमआरआय सांगू शकतो, आणि तोही नीट काढला तरच. ही नर्व्ह जेमतेम एक मिलिमीटर जाडीची असते. यंत्रावर '३ टेस्ला' लिहिलं म्हणून ती आपोआप दिसत नाही.

टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप, आणि पुढचं सगळं ३ टेस्लाचं मशीन धरून लिहिलं आहे. स्कॅन काढणारे टेक्निशियन आणि रेडिओलॉजी शिकणारे निवासी डॉक्टर डोळ्यांसमोर आहेत. आकडे आपापल्या मशीनवर थोडे इकडेतिकडे होतील, पण त्यामागची कारणं बदलत नाहीत.

आधी थोडं गणित

एमआरआयमधलं सिग्नल व्हॉक्सेलच्या, म्हणजे चित्राच्या सगळ्यात छोट्या घनाच्या, घनफळावर ठरतं. व्हॉक्सेलची बाजू १ मिलिमीटरवरून ०.५ मिलिमीटरवर आणली की घनफळ आठ पटींनी घटतं आणि सिग्नलही तेवढंच घटतं. ते नुसता वेळ वाढवून भरून काढायचं तर फायदा वेळेच्या वर्गमुळाइतकाच मिळतो. म्हणजे आठ पट सिग्नलसाठी चौसष्ट पट वेळ. पाच मिनिटांचा स्कॅन पाच तासांच्या वर जाईल. चुंबक १.५ टेस्लावरून ३ टेस्लावर नेलं की सिग्नल जास्तीत जास्त दुप्पट होतं. प्रत्यक्षात त्याहून थोडं कमीच मिळतं, कारण ऊतींचा टी१, म्हणजे रेडिओ पल्सनंतर सावरायचा वेळ, लांबतो. उरलेली चार पट भर जवळ बसणारी कॉइल (सिग्नल पकडणारी अँटेना), थ्रीडी स्लॅब (एकदम मोजलेला जाड थर) आणि आतल्या कानातल्या द्रवाचं मुळातच जोरदार असलेलं टी२ सिग्नल यांतून काढायची असते. म्हणून हा स्कॅन नेहमी थ्रीडी आणि नेहमी टी२ प्रकारचा, ज्यात द्रव पांढरा दिसतो. टूडीमध्ये २ मिलिमीटरच्या स्लाइस काढून नर्व्ह शोधणं म्हणजे मासेमारीच्या जाळ्यानं रवा चाळणं.

एक मिलिमीटरच्या नर्व्हवर ०.५ मिलिमीटरचे दोन व्हॉक्सेल बसतात. ०.८ मिलिमीटरचा एकच धड बसतो आणि दुसरा अर्धा द्रवात, अर्धा नर्व्हमध्ये पडतो. हे पार्शियल व्हॉल्यूम झालं की बारीक नर्व्ह करड्या धुरात विरघळते. तेव्हा ०.५ मिलिमीटर ही वरची मर्यादा समजावी, जमल्यास ०.४. आणि हे व्हॉक्सेल खऱ्या मोजणीचे हवेत. बरीच मशीनं मॅट्रिक्स शून्यांनी भरून दुप्पट करून दाखवतात. पडद्यावर ०.२५ मिलिमीटर छापून येतं, चित्र गुळगुळीत दिसतं, पण माहिती मूळचीच असते. प्रोटोकॉल लिहिताना इंटरपोलेशन बंद करून येणारा आकडा वहीत टिपून ठेवावा.

दाराबाहेरची तयारी

कानाच्या पेशंटमध्ये सुरक्षा-तपासणीला एक वेगळा कंगोरा असतो, कारण कानातच धातू असण्याची शक्यता मोठी. आधी कानाचं कुठलं ऑपरेशन झालं आहे का, हे नुसतं विचारून थांबू नये, डिस्चार्ज कार्ड मागावं. स्टेपीजच्या (मधल्या कानातल्या हाडाच्या) जागी बसवलेले बहुतेक पिस्टन टेफ्लॉनचे किंवा टायटॅनियमचे असतात आणि त्यांची अडचण येत नाही. मात्र मॅकगी नावाच्या स्टेनलेस स्टील पिस्टनचे काही लॉट चुंबकाकडे ओढले जातात म्हणून १९८७ मध्ये परत मागवले होते. जुनं ऑपरेशन परदेशात झालं असेल तर एवढी एक गोष्ट लक्षात असू द्यावी. एका कानात आधीच कॉक्लियर इम्प्लांट असेल तर त्याचं मॉडेल आणि कंपनीची एमआरआयबद्दलची लेखी सूचना हातात आल्याशिवाय पेशंटला आत घेऊ नये. जुन्या मॉडेल्समध्ये त्वचेखालचा चुंबक ऑपरेशन करून काढावा लागतो. काही नव्या मॉडेल्समध्ये तो स्वतः फिरून जुळवून घेतो. शिवाय ३ टेस्लावर त्या बाजूच्या कानाभोवती इतकी मोठी काळी पोकळी पडते की तपासणी बहुधा फक्त दुसऱ्या कानाचीच होते.

दागिन्यांच्या यादीत मंगळसूत्र आणि जोडवी सगळे विचारतात. लहान मुलांच्या बाबतीत करगोट्यातला धातूचा मणी, दंडावरचा किंवा गळ्यातला ताईत, झबल्याची सेफ्टी पिन आणि काळ्या दोऱ्यातलं चांदीचं पान हमखास राहून जातं. चांदीला चुंबक ओढत नाही, हे खरं. पण ती विजेची वाहक आहे आणि रेडिओ लहरींनी तापू शकते. जरीकाठाच्या कपड्यांचंही तेच, म्हणून गाऊन घालायला लावावाच. मस्कारा पुसून घ्यावा. दातांच्या तारा असतील तर नोंद करून ठेवावी. त्या काढता येत नाहीत, पण त्यांनी बिघडलेलं चुंबकीय क्षेत्र पुढे कोणत्या सीक्वेन्सची, म्हणजे मोजणीच्या पद्धतीची, निवड करायची, ते ठरवतं.

श्रवणयंत्र दाराबाहेर काढलं की पेशंटशी बोलणं संपलं, हे फार जण विसरतात. म्हणून ते काढण्याआधी सगळं सांगून घ्यावं: किती वेळ लागेल, किती वेळा आवाज थांबेल आणि पुन्हा सुरू होईल, हातातला रबरी बल्ब कधी दाबायचा. 'हलू नका' आणि 'आता संपलं' यांच्या खुणा ठरवाव्यात. वाचता येणाऱ्या पेशंटसाठी मोठ्या अक्षरात लिहिलेली तीन-चार कार्डं तयार ठेवली तर बोअरच्या (यंत्राच्या बोगद्याच्या) तोंडाशी उभं राहून ती दाखवता येतात.

एक गैरसमज मुळातून काढायला हवा. 'ह्याला ऐकू येत नाही, मग इअरप्लग कशाला?' मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. पुढे येणाऱ्या सिससारख्या सीक्वेन्सचा टीआर, म्हणजे दोन रेडिओ पल्समधला वेळ, अगदी आखूड असल्यानं तो आवाज कर्कश आणि चढ्या पट्टीतला असतो. बहिऱ्या मुलात बहुतेकदा थोडंबहुत ऐकणं शिल्लक असतं आणि तेच जपायचं असतं. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करावा. मोठ्यांची पाळी वर आणि मागे, लहानग्यांची खाली आणि मागे ओढून तो आत सरकवावा आणि फुगेपर्यंत दाबून धरावा. बाहेर अर्धा लोंबणारा प्लग काही कामाचा नाही. कान वाहत असेल किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल तर प्लग न घालता फक्त बाहेरचे मफ वापरावेत. टिनिटसचे (कानात सतत आवाज येणारे) पेशंट आवाजाला घाबरलेले असतात, त्यांना दोन्ही द्यावेत.

तीन महिन्यांच्या आतलं बाळ पोटभर पाजून, गुंडाळून झोपवलं तर बऱ्याचदा भूल न देता स्कॅन होतो. त्याहून मोठ्या मुलाला भूलतज्ज्ञच हवा. झोपेच्या औषधाचा डोस टेक्निशियननं अंदाजानं ठरवण्याची ही गोष्ट नव्हे. मॉनिटरच्या वायरींची वेटोळी अंगावर पडू देऊ नयेत, आणि हात-पाय एकमेकांना उघड्या त्वचेनं चिकटणार नाहीत असे कापडी पॅड मध्ये ठेवावेत. दोन्हीमुळे भाजल्याच्या घटना घडतात. वजन खरं मोजून टाकावं. यंत्र शरीरात जाणाऱ्या ऊर्जेचा, म्हणजे सारचा, हिशोब त्याच वजनावरून करतं, आणि सार टेस्लाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यानं ३ टेस्लावर तो १.५ च्या चौपट असतो. नेहमीच्या मोडमध्ये डोक्यासाठी मर्यादा किलोमागे ३.२ वॉट आहे. वजन चुकीचं जास्त टाकलं तर मूल मर्यादेबाहेर तापू शकतं. फार कमी टाकलं तर यंत्र विनाकारण सीक्वेन्स अडवतं आणि घाईत कुणीतरी रेझोल्यूशन कमी करून बसतं.

डोकं ठेवणं

३२ चॅनलची हेड कॉइल असेल तर तीच वापरावी. डोकं कॉइलमध्ये शेवटपर्यंत वर सरकवावं. लहान मुलाच्या मानेखाली घडी ठेवली की डोकं अर्धवट खाली राहतं आणि कान कॉइलच्या काठाशी येतात. तिथं सिग्नल कमी, त्यामुळे कागदावर उत्तम प्रोटोकॉल असूनही चित्र दाणेदार येतं. लेझरची आडवी रेघ दोन्ही कानांच्या छिद्रांवरून जायला हवी. चुंबकाचा मध्यबिंदू नेमका तिथं हवा, कारण क्षेत्र सगळ्यात एकसारखं तिथंच असतं.

हनुवटी किंचित खाली. दोन्ही बाजूंना पॅड कानशिलावर घट्ट, पण कानाच्या पाळीवर दाबून नाही, नाहीतर पाचव्या मिनिटाला पाळी दुखायला लागते आणि डोकं हलतं. डोकं थोडं फिरलेलं असलं तरी थ्रीडी स्कॅन नंतर सरळ करता येतो. पण उजवा-डावा कान शेजारी ठेवून तुलना करायची असते, तेव्हा सुरुवातीला एक मिनिट घालवणं परवडतं. मोठ्या पेशंटला आवंढा गिळायचा असेल तर सीक्वेन्सच्या मधल्या शांततेत गिळायला सांगावं.

स्लॅब कुठे टाकायचा

लोकलायझर तिन्ही दिशांत घ्यावा. कोरोनल चित्रात दोन्ही आयएसी, म्हणजे नर्व्ह कानाकडे नेणारे हाडातले बोगदे, शोधून त्यांना जोडणाऱ्या रेघेला समांतर स्लॅब ठेवायचा. सॅजिटलमध्ये ब्रेनस्टेमच्या मागच्या पृष्ठभागाला साधारण काटकोन. वरची हद्द वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेच्या कमानीच्या थोडी वर आणि खालची जुगुलर फोरॅमेनच्या जवळ. ३६ मिलिमीटरचा स्लॅब बहुतेकांना पुरतो. स्लॅबच्या दोन्ही टोकांच्या काही स्लाइस नेहमी खराब असतात, वरचं खाली उमटतं. म्हणून स्लाइस ओव्हरसॅम्पलिंग ठेवावं आणि काठाची चित्रं वाचायला घेऊ नयेत.

फील्ड ऑफ व्ह्यू १८० मिलिमीटर, मॅट्रिक्स ३६० बाय ३६०, पार्टिशन (स्लॅबमधल्या स्लाइस) ७२, जाडी ०.५. व्हॉक्सेल सर्व बाजूंनी अर्धा मिलिमीटर, आणि तो सर्व बाजूंनी सारखाच हवा. स्लाइस १ मिलिमीटर ठेवून प्रतलात ०.३ घेतलेलं चित्र ॲक्सियलमध्ये देखणं दिसतं, पण पुढे जो काटकोनी रिफॉर्मॅट (त्याच डेटातून नव्या दिशेचे काप) करायचा आहे त्यात त्याच्या पायऱ्या पडतात.

फेज दिशा, म्हणजे हालचालीच्या खोट्या सावल्या ज्या दिशेनं पसरतात ती, उजवीकडून डावीकडे. पुढून मागे ठेवली तर डोळ्यांच्या हालचालीची भुतं मागे सरकून पोस्टिरियर फोसापर्यंत, म्हणजे कवटीच्या मागच्या तळापर्यंत, येतात. उजवी-डावी ठेवल्यावर कानाच्या पाळ्या चौकटीबाहेर जाऊन विरुद्ध बाजूला उमटण्याचा धोका असतो, म्हणून फेज ओव्हरसॅम्पलिंग द्यावं. कधी सिग्मॉइड सायनस या कानामागच्या मोठ्या शिरेतल्या रक्ताच्या ठोक्याची रेघ नेमकी आयएसीवर येऊन पडते. तसं दिसलं तर दिशा बदलून तोच सीक्वेन्स पुन्हा काढावा. 'आहे हे वाचू' म्हणू नये.

सिस की स्पेस

खरी मेख इथं आहे. आतल्या कानासाठी दोन घराण्यांचे सीक्वेन्स वापरतात. पहिलं बॅलन्स्ड ग्रेडियंट एकोचं: सीमेन्सवर सिस, जीईवर फिएस्टा-सी. दुसरं थ्रीडी टर्बो स्पिन एकोचं: सीमेन्सवर स्पेस, जीईवर क्यूब, फिलिप्सवर ड्राइव्ह लावलेला टीएसई. दोन्हींत द्रव पांढराशुभ्र आणि नर्व्ह काळी.

सिसचा वेळ काढून पाहू. ३६० फेज रेघा गुणिले ७२ पार्टिशन म्हणजे २५,९२० पुनरावृत्ती. टीआर ६ मिलिसेकंद धरला तर साधारण १५६ सेकंद. सिसमध्ये रेडिओ पल्सचा फेज बदलून हीच मोजणी दोनदा करतात, म्हणजे सुमारे ३११ सेकंद, पाच मिनिटांच्या थोडं वर. त्यात ओव्हरसॅम्पलिंग मिळवा आणि पॅरलल इमेजिंगनं आलेली घट वजा करा. फ्लिप अँगल ५० ते ७० अंश.

दोनदा का मोजतात, ते समजलं की अर्ध्या चुका टळतात. बॅलन्स्ड सीक्वेन्समध्ये जिथं जिथं क्षेत्र ठरावीक प्रमाणात चुकतं, तिथं काळे पट्टे पडतात. दोन पट्ट्यांमधलं अंतर १ भागिले टीआर. ६ मिलिसेकंदाला सुमारे १६७ हर्ट्झ, म्हणजे मध्यापासून फक्त ८३ हर्ट्झ भरकटलं की पट्टा आला. ३ टेस्लाची वारंवारता १२७.७ मेगाहर्ट्झ. तिच्या हिशोबानं ८३ हर्ट्झ म्हणजे दशलक्षात ०.६५ भाग. हेच १.५ टेस्लावर १.३ भाग सोसलं जातं. आणि आतला कान बसलेला आहे मॅस्टॉइडच्या, म्हणजे कानामागच्या हाडाच्या, हवेच्या पेशींना खेटून, जिथं हवा आणि ऊतींच्या सीमेवर क्षेत्र हमखास वाकतं. म्हणजे उंच चुंबकावर सिग्नल दुप्पट मिळालं खरं, पण पट्ट्यांची सहनशक्ती निम्मी झाली. दुसऱ्या फेरीत पट्टे सरकतात आणि दोन्ही चित्रं एकत्र केली की बहुतेक बुजतात. बहुतेक, सगळे नाही. आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये पेशंट हलला तर एकत्र केलेलं चित्र दुहेरी किनारीचं होतं.

वेस्टिब्यूलमध्ये (तोलाच्या पोकळीत) किंवा कॉक्लियाच्या (ऐकण्याच्या शंखाच्या) तळाच्या वेटोळ्यात असा एक उरलेला पट्टा पडला, तर तो द्रवाच्या जागी तंतुमय ऊतक भरल्यासारखा दिसतो. मेंदूज्वरानंतर ऐकणं गेलेल्या मुलात नेमका हाच बदल शोधायचा असतो. म्हणून सिसमधल्या काळ्या डागावर एकट्याच्या जोरावर रिपोर्ट देऊ नये. स्पेसमध्ये तोच डाग त्याच जागी दिसला तरच तो खरा.

पट्टे कमी करण्याचे उपाय साधे आहेत. बँडविड्थ वाढवून टीआर शक्य तितका आखूड करा. त्यात चित्राचा दाणेदारपणा थोडा वाढतो, तो परवडतो. शिमची, म्हणजे क्षेत्र एकसारखं करून घेण्याची, चौकट नाक आणि सायनस वगळून, दोन्ही कानशिलांची हाडं आणि पोस्टिरियर फोसा यांवर घट्ट बसवा. मग मॅन्युअल शिम घ्या. आपोआप होणारा शिम सगळ्या डोक्याची सरासरी काढतो आणि कानावर अन्याय करतो.

स्पेसमध्ये पट्टे पडत नाहीत, कारण स्पिन एको क्षेत्रातली चूक परत जुळवून घेतो. टीआर १,२०० मिलिसेकंदाच्या आसपास, इफेक्टिव्ह टीई (पल्स ते सिग्नल हा वेळ) २०० किंवा थोडा वर, आणि शेवटी द्रवाचं चुंबकत्व उभं करणारा रिस्टोर पल्स. तो विसरला की एवढ्या आखूड टीआरमध्ये द्रव नीट सावरत नाही आणि चित्र मलूल येतं. स्पेसची दुखणी वेगळी. ब्रेनस्टेमपुढच्या द्रवात सीएसएफच्या (मेंदूभोवतीच्या पाण्याच्या) हेलकाव्यानं काळे ढग दिसतात, आणि एको ट्रेन (एका पल्समागे घेतलेल्या एकोंची रांग) फार लांब केली की किनारी पुसट होतात. बोगद्याच्या आत द्रव फारसा हलत नाही, त्यामुळे तिथं हे ढग त्रास देत नाहीत.

निवड विचाराल तर ३ टेस्लावर आयएसी आणि कॉक्लियासाठी स्पेस आधी काढावा. चेहऱ्याच्या कळेसाठी ट्रायजेमिनल नर्व्हवर चढलेली रक्तवाहिनी शोधायची असेल, तर ब्रेनस्टेमपुढच्या द्रवात सिस उजवा ठरतो. दातांना तारा असतील तर सिसच्या नादी लागू नये. वेळ असेल तर दोन्ही काढावेत, दहा-अकरा मिनिटांत होतात.

बाकीचे सीक्वेन्स, थोडक्यात

मुलांमध्ये थ्रीडी टी२ सगळ्यात आधी. भूल उतरली किंवा बाळ जागं झालं, तर निदान मुख्य उत्तर हातात असतं. त्यानंतर सगळ्या मेंदूचा टी२ आणि मोकळ्या पाण्याचं सिग्नल दाबणारा फ्लेअर. हा भाग कंटाळून गाळू नये. जन्मजात सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) संसर्गात पांढऱ्या द्रव्यात डाग आणि टेम्पोरल लोबच्या पुढच्या टोकाला सिस्ट दिसतात, आणि इम्प्लांटनंतर भाषा किती येईल याच्या अंदाजाला त्याचा उपयोग होतो. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या भारत सरकारच्या एडिप योजनेत लहान मुलांना इम्प्लांट दिलं जातं आणि त्या कामाची नोडल संस्था मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. अशा प्रस्तावासाठी येणाऱ्या मुलाच्या रिपोर्टमध्ये दोन्ही कानांच्या नर्व्हबद्दल स्वतंत्र वाक्य असेल, तर सर्जनला पुन्हा विचारावं लागत नाही.

एका बाजूनं ऐकणं कमी झालेल्या मोठ्या माणसात प्रश्न असतो श्वानोमाचा, म्हणजे नर्व्हवर वाढणाऱ्या गाठीचा. आयएसीतल्या पांढऱ्या द्रवात दोन-तीन मिलिमीटरची गाठही काळी उठून दिसते, त्यामुळे चाळणी म्हणून पुष्कळ ठिकाणी गॅडोलिनियम या चित्रात पांढरं उठणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनशिवायचा थ्रीडी टी२ पुरेसा मानतात. इंजेक्शन द्यायचंच तर त्याआधीचा टी१ काढायलाच हवा. नाहीतर चरबीची गाठ किंवा साकळलेलं रक्त मुळातच पांढरं होतं की गॅडोलिनियमनं झालं, हे कळायला मार्ग उरत नाही. मात्रा किलोमागे ०.१ मिलिमोल. ६० किलोच्या माणसाला गॅडोब्युट्रॉल ६ मिली, गॅडोटेरेट १२ मिली. बाटलीवरची तीव्रता वेगळी असते म्हणून आकडा वेगळा, आणि गोंधळ इथंच होतो. कवटीच्या तळाशी नेहमीचं फॅट सॅच्युरेशन हवेमुळे ठिगळासारखं फसतं. चरबी आणि पाणी वेगळं काढणारं डिक्सन तंत्र वापरावं.

रिफॉर्मॅट: खरं काम इथं होतं

ॲक्सियल चित्रात कॉक्लियर नर्व्ह दिसल्यासारखी वाटते, आणि कधीकधी ती खालची वेस्टिब्युलर असते. एकमेकांना खेटून जाणाऱ्या चार नर्व्ह वेगळ्या मोजायच्या तर बोगद्याला आडवा काप हवा.

वर्कस्टेशनवर ॲक्सियल चित्रात उजव्या आयएसीच्या अक्षावर रेघ ठेवा, कोरोनलमध्ये तीच रेघ पुन्हा जुळवा आणि तिला काटकोनात ०.५ मिलिमीटरचे सलग काप काढा, ब्रेनस्टेमपासून थेट कॉक्लियाच्या तळापर्यंत. मग डाव्यासाठी हे सगळं पहिल्यापासून. दोन्ही बोगदे एकमेकांशी तंतोतंत समांतर नसतात. एकाच कोनात दोन्ही बाजू कापल्या की एका बाजूची नर्व्ह तिरपी कापली जाऊन जाड दिसते, आणि निरोगी कान आजारी ठरतो.

नीट कापलेल्या चित्रात पांढऱ्या वर्तुळात चार काळे ठिपके दिसतात. जागा लक्षात ठेवायला एवढं पुरे: पुढे वर चेहरा, पुढे खाली ऐकणं, मागे दोन्ही तोलाच्या. पुढची बाजू कोणती, हे चित्रावरच्या अक्षरांवरून पाहावं, सवयीनं ठरवू नये. ब्रेनस्टेमच्या जवळ आठवी नर्व्ह एकच जाड पट्टा असते आणि बोगद्याच्या बाहेरच्या भागात तिच्या शाखा सुट्या होतात. म्हणून ठिपके मोजायचे ते बाहेरच्या अर्ध्यात.

मोजपट्टी पेशंटच्या आतच असते: चेहऱ्याची नर्व्ह. निरोगी कानात कॉक्लियर नर्व्ह तिच्याएवढी किंवा तिच्याहून थोडी जाड असते. ती फेशियलपेक्षा उघड बारीक असेल तर हायपोप्लाझिया (अपुरी वाढ) आणि सलग सगळ्या कापांत दिसतच नसेल तर अभाव. एका कापात न दिसणं म्हणजे काहीच नाही. आणि बोगदाच अरुंद असेल, तर सगळ्या नर्व्ह एकमेकींना चिकटतात, भोवती द्रवाची किनार उरत नाही आणि ०.५ मिलिमीटरलाही त्या सुट्या होत नाहीत. तिथं 'नर्व्ह नाही' असं न लिहिता 'वेगळी दाखवता आली नाही' लिहावं, आणि सीटीवर कॉक्लियर नर्व्हच्या हाडातल्या छिद्राची रुंदी पाहायला सांगावं. ती साधारण दीड मिलिमीटरच्या खाली असेल तर संशय बळावतो.

एआयसीए या धमनीचं वेटोळं अनेकांच्या बोगद्याच्या तोंडाशी, काहींत आतही शिरलेलं असतं. काप आडवा असल्यानं ते हुबेहूब पाचव्या ठिपक्यासारखं दिसतं आणि नर्व्ह नसलेल्या कानात चौथ्याची जागा भरून काढतं. ठिपका दोन्ही दिशांना स्क्रोल करून पाहावा. नर्व्ह कॉक्लियाकडे जाऊन संपते, धमनी वळून परत येते.

मिप करून केलेलं कॉक्लियाचं फिरतं चित्र नातेवाइकांना आवडतं, सर्जनलाही अडीच वेटोळी एका नजरेत दिसतात. पण मिप सर्वांत पांढरा बिंदू उचलतो, त्यामुळे पांढऱ्या द्रवातली काळी नर्व्ह त्यात गायब होते. वेटोळी मोजायला मिप चालेल, नर्व्ह मोजायला नाही. कॉक्लियाच्या मधला काळा दांडा, मोडिओलस, आहे की नाही हेही पातळ कापातच पाहावं. तो नसेल आणि आयएसी थेट कॉक्लियात उघडत असेल, तर ऑपरेशनच्या टेबलावर सीएसएफ जोरानं उसळतं. हे रिपोर्टच्या पहिल्या ओळीत यायला हवं. मेंदूज्वरानंतर द्रवाचं पांढरेपण कमी झालेलं दिसलं, तर रिपोर्ट त्याच दिवशी फोनवर कळवावा. सीटी अजून नॉर्मल असते, पण हाड भरायला लागलं की इलेक्ट्रोड आत जात नाही.

कोलेस्टिआटोमा आणि मेनिएर

कोलेस्टिआटोमा, म्हणजे मधल्या कानात साठणारी त्वचेची गाठ, शोधायला नेहमीचा ईपीआय डिफ्यूजन (पाण्याच्या कणांची हालचाल मोजणारा झटपट सीक्वेन्स) कामाचा नाही. हवेशेजारी तो इतका वाकतो की गाठ आणि आर्टिफॅक्ट एकसारखे पांढरे दिसतात. टर्बो स्पिन एकोवर आधारलेला डिफ्यूजन घ्यावा, कोरोनलमध्ये, २ ते ३ मिलिमीटर जाडीचा, बी (डिफ्यूजनचा जोर) १,०००. दोन-तीन मिलिमीटरच्या खालची गाठ त्यातही सुटू शकते.

मेनिएर या चक्करेच्या आजारात फुगलेला एंडोलिम्फ (आतल्या कानाच्या नळीतला द्रव) दाखवायची पद्धत जपानमधल्या नागोयातून आली. २००७ मध्ये तिथल्या गटानं पडद्यातून कानात गॅडोलिनियम सोडून ही चित्रं प्रसिद्ध केली. आता ते शिरेतून देतात आणि चार तासांनी थ्रीडी फ्लेअर काढतात. औषध पेरिलिम्फमध्ये (त्याच्या बाहेरच्या द्रवात) झिरपतं, एंडोलिम्फमध्ये जात नाही, त्यामुळे पहिला पांढरा आणि दुसरा काळा. दहा मिनिटांत काढलेल्या फ्लेअरमध्ये हे दिसणार नाही. पेशंटला सकाळी इंजेक्शन देऊन जेवून यायला सांगणं, हाच प्रोटोकॉलचा निम्मा भाग.

७ टेस्लावर काय बदलतं

अमेरिकेत ७ टेस्लाच्या यंत्राला डोक्याच्या तपासणीसाठी पहिली परवानगी २०१७ मध्ये मिळाली. हिप्पोकॅम्पसचे थर किंवा कॉर्टेक्समधली बारीक रेघ पाहायला ते भारी आहे. कानाची गोष्ट अवघड होते. २९८ मेगाहर्ट्झला पाण्यातल्या लहरीची लांबी ११ सेंटिमीटरच्या आसपास येते, म्हणजे डोक्याच्या रुंदीहून कमी. लहरी एकमेकींना काही ठिकाणी खोडतात. हे नेमकं टेम्पोरल लोब, सेरेबेलम आणि त्यांच्यामधल्या कानशिलाच्या हाडापाशी घडतं. द्रव तिथं पांढरा व्हायच्या ऐवजी करडा पडतो. नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी कानाशेजारी कॅल्शियम टायटॅनेटची पेस्ट भरलेले पातळ पॅड ठेवून तिथला रेडिओ जोर वाढवला आणि आतल्या कानाची चित्रं काढली. पॅड डोकं आणि कॉइल यांच्या फटीतच बसवावे लागतात. मोठं डोकं आणि इअरमफ दोन्ही असतील तर जागा उरत नाही, प्लगवर भागवावं लागतं.

फ्रान्समध्ये साक्ले इथल्या ११.७ टेस्लाच्या इझल्ट यंत्रानं २०२४ मध्ये माणसाच्या मेंदूची पहिली चित्रं दाखवली: प्रतलात ०.२ मिलिमीटर, जाडी १ मिलिमीटर, वेळ चार मिनिटं. व्हॉक्सेलचं घनफळ ०.०४ घन मिलिमीटर. ३ टेस्लावरच्या आपल्या अर्ध्या मिलिमीटरच्या व्हॉक्सेलचं ०.१२५, म्हणजे तिप्पट. पण त्यांचा व्हॉक्सेल काडीसारखा लांबट आहे. तो आयएसीला आडवा कापला तर एक मिलिमीटरची नर्व्ह पुन्हा एकाच व्हॉक्सेलमध्ये जाऊन बसेल.